रेकॉर्डिंगमधली शिट्टी

शिट्टी पहिल्यांदा ऐकू आली ती भूगोलाच्या पुस्तकात. मास्तर नद्यांचा धडा वाचत होते. एक वाक्य संपलं, ते श्वास घ्यायला थांबले आणि तेवढ्यात माझ्या हेडफोनमध्ये एक बारीक, लांबट सूर आला. दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा. मी मशीन थांबवलं.

"मास्तर, तुमची कवळी वाजतेय."

"माझ्या कवळीला नावं ठेवू नका, कानसेन. तुमच्या मशीनपेक्षा ती नवी आहे."

आम्ही दृष्टी नसलेल्या मुलांसाठी शाळेची पुस्तकं रेकॉर्ड करतो. मी मशीन सांभाळतो. वाचायचं काम माझी बायको करायची. ती गेल्यावर मास्तर यायला लागले. निवृत्त झालेले, आवाज खणखणीत, आणि घरी सून बोलू देत नाही म्हणून इथे मनसोक्त बोलायला मिळतं, असं तेच सांगतात.

रेकॉर्डिंगची खोली आमच्या घरातलीच. खिडकी फळ्या मारून बंद केलेली. एक थिएटर बंद पडलं तेव्हा त्याचे मखमली पडदे आम्ही स्वस्तात आणले होते. ते बायकोनं स्वतः शिडीवर चढून चारी भिंतींना टांगले. खाली गालिच्यावर गालिचा. त्या खोलीत टाळी वाजवली तरी हातातच विरते. पडद्यांना ती गेल्यापासून मी हात लावला नव्हता. झटकलेही नव्हते.

दाराशी एक लाल दिवा आहे. तो लागला की घरात कुणी आवाज करायचा नाही. भांडं ठेवायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही, खोकायचं नाही. आमची मुलगी या दिव्याखालीच वाढली. रांगत होती तेव्हापासून आईच्या पायाशी, टेबलाजवळच्या कोपऱ्यात पडद्याला टेकून बसायची. आई वाचायची, ही ऐकायची. खोकला आला तर तोंड कोपरात दाबायचं आणि आवंढा गिळायचा, हे तिला बोलायच्या आधी यायला लागलं. घरी आलेले लोक कौतुक करायचे. आई म्हणायची, "आमची मुंगी आहे ती. घरात आहे हे कळतसुद्धा नाही." तेच नाव पडलं. आता मुंगी आठ वर्षांची आहे आणि अजून त्याच कोपऱ्यात बसते. आई नसली तरी.

शिट्टी काही जाईना. मी केबल बदलली. पंखा तर बंदच असतो, तरी त्याची वायर काढली. मास्तरांची खुर्ची बदलली. मास्तरांना जाकीट काढायला लावलं, नाकात औषध घालायला लावलं. ते म्हणाले, "आता फक्त कातडं सोलायचं राहिलंय." शेवटी मी शोधणं सोडलं आणि धडा संपला की बसून शिट्टी पुसायला लागलो. वाक्यांमधली जागा निवडायची, तेवढा सूर कापायचा, पुढे जायचं. नको तो आवाज काढून टाकायचा हेच माझं पोटापाण्याचं काम. मी ते नीट करत होतो.

त्याच दिवसांत मुंगीला सर्दी-खोकला येऊन-जाऊन होता. कोपऱ्यावरचे डॉक्टर सिरप द्यायचे. खोकला थांबायचा, बाटली संपायची, पुन्हा सुरू. पहाटे तर हमखास. शाळेतून निरोप आला की मुंगी खेळाच्या तासाला बाकावर बसून राहते. पळायला सांगितलं तर नको म्हणते.

माझी मोठी बहीण बायको गेल्यापासून आमच्याकडेच राहायला आली होती. तिचं निदान तयार होतं.

"अरे, आई गेलेली पोर आहे. मनाला लावून घेतलंय तिनं. हसायला लागली की खोकते, रडली की खोकते. छातीत दुःख साठलंय."

"ताई, दुःखानं खोकला येतो?"

"तुला नाही येत, म्हणून तुला दुःख नाही का?"

ताईनं घरात एक नियम घातला. मुंगीपुढे आईचा विषय काढायचा नाही. मलाही ते सोपं पडलं.

मग एके दिवशी मुंगी शाळेच्या सहलीला गेली. मास्तरांनी सबंध धडा वाचला. मी तो ऐकला आणि पुसायला काही सापडेना. शिट्टी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी मुंगी कोपऱ्यात येऊन बसली, मास्तरांनी पहिलं वाक्य संपवलं आणि सूर परत आला.

मी लाल दिवा न विझवता उठलो. माईकचा दांडा हळूच फिरवला, खाली केला, कोपऱ्याकडे नेला. मुंगी माझ्याकडे बघत होती. ओठ मिटलेले, हात मांडीवर. हेडफोनमध्ये तिचा श्वास आत गेला. गुपचूप गेला. मग बाहेर येऊ लागला, आणि येतायेता लांबत गेला, आणि त्याच्या शेपटीला तो बारीक सूर होता. पुन्हा आत. पुन्हा बाहेर, सूर.

मी हेडफोन मास्तरांच्या कानांना लावले. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "काखेत कळसा अन् गावाला वळसा." यावर ना त्यांना हसू आलं, ना मला.

बायकोच्या हृदयाची झडप खराब झाली होती. शेवटच्या दिवसांत तिला धाप लागायची. दोन पायऱ्या चढली की थांबायची, भिंतीला हात लावायची. तिच्या श्वासातही असे आवाज यायचे. एका दुपारी आम्ही तिला दवाखान्यात नेलं आणि ती परत आली नाही. आता माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. आईचं दुखणं मुलीत उतरलं का?

दुसऱ्या दिवशी मी मुंगीला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं, बायकोला नेलं होतं त्याच दवाखान्यात. ताई बरोबर आलीच. डॉक्टर बाई मध्यम वयाच्या, केस आखूड, बोलणं भरभर. त्यांनी मुंगीला तपासणीच्या टेबलावर बसवलं.

"खोकला येतो का गं तुला?"

"नाही."

"पळताना दम लागतो?"

"नाही."

"रात्री झोप लागते?"

"हो."

त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. मुंगी बाहुलीसारखी ताठ. डॉक्टर बाईंनी भुवया वर केल्या. "छाती आत्ता तरी साफ वाटतेय."

मी फोनमधलं रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी कान दिला, दोनदा ऐकलं.

"हे आणलंत ते बरं केलंत. पण नुसती शिट्टी ऐकून मी काही ठरवणार नाही. शिट्टी पुष्कळ कारणांनी येते. आणि दरवेळी येईलच असंही नाही. मी विचारते, तुम्ही सांगा. ती नाही, तुम्ही."

मग प्रश्न सुरू झाले. खोकला कधी वाढतो? पहाटे? हसल्यावर? थंड हवेत? औषधानं जातो आणि परत येतो का? अंगाला खाज? सकाळी शिंकांवर शिंका? एकदम अचानक सुरू झाला होता का, काही गिळलं होतं का? वजन नीट वाढतंय? मी सांगत गेलो. सांगताना माझ्याच लक्षात यायला लागलं की या सगळ्या गोष्टी मला ठाऊक होत्या, पण एकेकट्या.

"घराण्यात कुणाला दमा?"

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," ताई पटकन म्हणाली.

"आईकडे?"

मी म्हणालो, "तिच्या धाकट्या भावाला लहानपणी होता. तिलाही धुळीनं शिंका यायच्या."

डॉक्टर बाईंनी मुंगीला बाहेरच्या लांब व्हरांड्यात पळायला लावलं. तिकडून इकडे, इकडून तिकडे. मुंगी पळाली आणि येऊन उभी राहिली. तोंड मिटलेलं, मान ताठ, गळ्याखालचा खळगा आत-बाहेर होत होता. खोकला तिनं गिळला. मला तो गिळताना दिसला. डॉक्टर बाईंनाही.

"हे काय करतेस?"

"ती आवाज करत नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे तशी सवय आहे." आणि लाल दिव्याचं सांगितलं.

त्यांनी मुंगीच्या हातात एक नळी दिली. तीत जोरात फुंकर मारली की काटा पुढे सरकतो. मुंगीनं फुंकलं, पण दिवा विझवावा इतकं हळू. काटा जागचा हलेना. पुन्हा फुंकलं, तसंच. फुंकताना तिची नजर माझ्यावर.

"मुंगी," मी म्हणालो, "इथे लाल दिवा नाही. ओरडल्यासारखं फुंक."

तिनं फुंकलं. काटा सरकला, पण जिथवर जायला हवा होता त्याच्या बराच अलीकडे थांबला. डॉक्टर बाईंनी तिला निळ्या पंपाचं औषध दिलं. पंप थेट तोंडात नव्हे, एका पोकळ नळकांड्याला लावून. त्याला त्या स्पेसर म्हणाल्या. आम्ही बाहेर बाकावर बसून वाट पाहिली आणि पुन्हा आत गेलो. या वेळी काटा बराच पुढे गेला.

डॉक्टर बाई बोलायला लागल्या तसा मी म्हणालो, "मुलीला जरा बाहेर पाठवू या का?"

ताई तिला घेऊन बाहेर गेली. मी विचारलं, "हृदयाचं काही आहे का? तिची आई हृदयानं गेली."

त्यांनी मुंगीचं हृदयही तपासलं होतं. "हृदयाचे ठोके, आवाज, सगळं ठीक आहे. तुमच्या समाधानासाठी एक तपासणी लिहून देते, पण मला काळजी वाटत नाही. हा दमा वाटतो. श्वासाच्या नळ्या आतून सुजतात आणि आवळतात. औषधानं उघडतात. आज जरा उघडल्या, ते तुम्ही पाहिलंत. काही दिवस औषध देऊ आणि फरक बघू, म्हणजे शंका राहणार नाही."

माझ्या जिवात जीव आला. हे मला नीट आठवतं, की दमा हा शब्द ऐकून मला बरं वाटलं.

"एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही कानाचे माणूस दिसता. पण हिच्या बाबतीत डोळे वापरा. शिट्टी कमी झाली म्हणजे बरं वाटतंय असं धरू नका. एक अख्खं वाक्य बोलायला सांगा. बरगड्यांमध्ये बघा, गळ्याखाली बघा. कातडी आत ओढली जात असेल तर निळा पंप द्या आणि थेट इकडे. आणि ती खोली. ते पडदे काढा. मुलगी घरात नसताना काढा. आणि तिला तिचा आजार समजावून सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. मुंगीला म्हटलं, खोकल्याचं नवीन औषध आहे. तिनं मान हलवली.

घरी आल्यावर ताईनं तोंड सोडलं. "दमा म्हाताऱ्यांना होतो. आठ वर्षांच्या पोरीला दमा? उद्या चारचौघांत कळलं तर जन्माचा शिक्का बसेल. आणि पंप एकदा लागला की सुटत नाही म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"सगळे म्हणतात."

"मग सगळ्यांकडून नवा काटा आणून दे. मी डोळ्यांनी बघितलाय तो सरकताना."

रोजचा पंप, निळ्याहून वेगळा, मी सकाळ-संध्याकाळ स्वतः देत होतो. पण सवय मोडेना. औषध दिलं की मी हेडफोन लावून माईक तिच्या छातीशी धरायचो. शिट्टी बारीक झालीय का, आखूड झालीय का. दर दिवशी जरा कमी वाटायची. मास्तरांना मी म्हणालोसुद्धा, "ऐका, साफ होत चाललीय." मास्तर म्हणाले, "बाईंनी ऐकायला सांगितलं होतं की बघायला?"

रविवारी पडदे काढायचं ठरवलं. शाळा बंद, मुंगी घरातच. तिला ताईबरोबर बाहेर बागेत धाडायचं होतं, पण ताईचे गुडघे धरले होते. मी मुंगीला म्हणालो, "स्वयंपाकघरात आत्याजवळ बस. काम आहे. या खोलीत यायचं नाही."

"काय काम?"

"आहे काहीतरी."

दार लावून घेतलं आणि शिडीवर चढलो. पहिला पडदा सोडला तेव्हा तो ओल्या गोणीसारखा धपकन पडला आणि खोलीत राखाडी धुरळा उठला. तोंडाला रुमाल बांधून एकामागून एक सोडत गेलो. बायकोनं मारलेल्या गाठी होत्या, त्या सुटेनात. त्या शेवटी कात्रीनं कापल्या. मग गालिचे गुंडाळायला घेतले. बल्बच्या उजेडात धूळ नुसती तरंगत होती. बाहेरच्या खोलीत गुंडाळी टेकवून परत आलो, पुन्हा नेली, पुन्हा आलो. त्या ये-जा करण्यात दार उघडंच राहिलं होतं.

शेवटचा ढीग उचलला तेव्हा त्याच्यामागे मुंगी बसली होती.

कोपऱ्यात, तिच्या जागेवर. तोंड कोपरात दाबलेलं. पडद्याचं टोक मुठीत. केव्हा आली, किती वेळ बसली, काही कळलं नव्हतं. ती आहे हे कधीच कळत नाही.

मी तिला उचलली आणि गॅलरीत आणली. खुर्चीवर बसवली. ती पुढे वाकून बसली, हात गुडघ्यांवर टेकवून. चेहऱ्यावर घाम. मी धावत आत गेलो, माईक आणि हेडफोन घेऊन आलो आणि छातीशी धरला. ताई मागे येऊन उभी राहिली.

"शिट्टी नाही," मी म्हणालो. "काहीच नाही. शांत आहे."

"मग बरंच झालं की. उगाच घाबरवलंस."

मी पुन्हा ऐकलं. खरंच काही नव्हतं. घाबरून बसली असेल, होईल ठीक, असं मी स्वतःला सांगत होतो.

"मुंगी, काय झालं सांग."

"आईचे," ती म्हणाली. थांबली. खांदे वर गेले. "पडदे." पुन्हा थांबली. "का." आणि पुढचा शब्द आलाच नाही.

मी हेडफोन काढून टाकले. तिचा सदरा वर केला. दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत खेचली जात होती, जणू कुणी आतून ओढतंय. गळ्याखालचा खळगा इतका खोल की बोट मावेल.

"ताई, निळा पंप."

ताई जागची हलली नाही.

"ताई, पंप कुठाय?"

"वर ठेवलाय. डब्यांच्या मागे. म्हटलं ऊठसूट देशील."

"आण."

ज्या गुडघ्यांनी तिला बागेपर्यंत चालवत नव्हतं त्याच गुडघ्यांनी ती स्टुलावर चढली. डबे खाली पडले. तिनं आणलेला पंप मी रोजच्या स्पेसरला जोडला. एक दाब. "घे श्वास. सावकाश. अजून एक." पुन्हा दाब. मुंगीला नळकांड्यातली हवाही ओढवत नव्हती. मी दाबत राहिलो, ती ओढत राहिली. कातडी तशीच आत जात होती.

खाली बेकरी आहे. बेकरीवाला गाडीत पावाचे ट्रे भरत होता. मी मुलीला कडेवर घेऊन उतरलो. त्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि भरलेले ट्रे रस्त्यावर उतरवून ठेवले.

"मागे बसा. दार आतून धरा, त्याला कडी नाही."

ताई पुढे बसली. मी मागे, मुंगी मांडीत, दार एका हातानं धरलेलं, दुसऱ्या हातात पंप. गाडी सिग्नलला थांबली की बेकरीवाला स्वतःशीच पुटपुटायचा, "चल बाबा, चल." मुंगीनं आपला हात तोंडावर दाबला होता. मी तो काढला.

"खोकला येतोय? खोक. मोठ्यानं खोक."

तिनं मान हलवली. "दवाखाना." श्वास. "नको."

"जायला हवं."

"नको." डोळ्यांतून पाणी. "मी गप्प." श्वास. "बसते."

मला वाटलं सुईला घाबरते.

दवाखान्यात सिस्टरनं तिला माझ्या हातातून घेतलं आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा बघून तिनं आतल्या खोलीकडे हाक मारली. डॉक्टर बाई आल्या. मास्क लागला, ऑक्सिजन सुरू झाला, मास्कमधून औषधाची वाफ यायला लागली. बाई छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकत होत्या. इकडे, तिकडे, पाठीवर. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"आवाज येत नाहीये ना?" मी विचारलं.

"नाही."

"मलाही आला नव्हता. मला वाटलं..."

"हवा फिरलीच नाही तर वाजेल कशी?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या आणि सिस्टरला दुसरं औषध तयार करायला सांगितलं.

मला भिंतीपाशी उभं केलं. ताई खाली फरशीवरच बसली. पहिली वाफ संपली. मुंगीच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. डॉक्टर बाई तिच्याशी मोठ्यानं बोलत होत्या. "डोळे उघड. माझ्याकडे बघ. नाव काय तुझं? खरं नाव सांग, मुंगी नको." मुंगीचे ओठ हलले. शिरेत सुई गेली तेव्हा ती कण्हलीसुद्धा नाही. दुसरी वाफ लागली. याच मास्कमागे मी आणखी एक चेहरा पाहिलेला होता. मी बरगड्यांकडे बघत राहिलो. दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग शिट्टी आली. नुसत्या कानांनी, भिंतीपासून ऐकू येईल इतकी मोठी. कर्कश, दोन-तीन सुरांची. मी घाबरून पुढे आलो.

"वाढलं?"

"उघडतंय," डॉक्टर बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या. "आता वाजू दे."

तिसरी वाफ चालू असताना बरगड्यांमधलं ओढणं कमी झालं. खांदे खाली आले. चेहऱ्याला रंग आला. बाईंनी पुन्हा छाती तपासली आणि मला म्हणाल्या, "आता निदानाबद्दल मला शंका नाही. दमाच आहे. आजची रात्र इथे ठेवू. उद्यापासून औषध तेच, पण नीट आणि रोज. आणि कुणी डब्यांमागे ठेवायचं नाही." ताईनं फरशीवर बसल्याबसल्याच त्यांना सगळं सांगून टाकलं होतं.

त्या दुसऱ्या मुलाला बघायला गेल्या. मुंगीनं मास्क जरासा बाजूला केला.

"बाबा, आईला हाच लावला होता."

"असाच होता."

"मग ती घरी नाही आली."

ताई चटकन म्हणाली, "बाळा, आता बोलू नकोस. दमशील."

"बोलू दे," मी म्हणालो.

मुंगी छताकडे बघत होती. एकेक वाक्य, मध्ये दम घेत. "आईला धाप लागली. आवाज आला. तुम्ही ऐकला. म्हणून तिला इथे आणलं. मी आवाज केला नाही."

मला तिचं म्हणणं कळायला वेळ लागला. मग ते बाकावरचं बसणं, नाही-नाही म्हणणं, दाबलेलं तोंड, सगळं एका रांगेत उभं राहिलं.

"मुंगी, आईचं हृदय खराब झालं होतं. हृदयात एक झडप असते, दारासारखी. ती नीट मिटत नव्हती. म्हणून तिला धाप लागायची. आम्ही तिला आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. इथे आणलं म्हणून ती गेली नाही. तुझं हृदय चांगलं आहे. तुला दमा आहे. तो वेगळा. त्याला औषध आहे."

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी. आपण पहिल्यांदा आलो त्या दिवशी."

"मी कुठे होते?"

"बाहेर. आत्याबरोबर."

माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ती ठरवत होती, आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. डॉक्टर बाई परत आल्या तेव्हा तिनं त्यांची बाही धरली.

"माझं हृदय चांगलं आहे?"

"चांगलं आहे."

"बाबांनी सांगायला सांगितलं म्हणून म्हणताय?"

"तुझ्या बाबांचं मी काय म्हणून ऐकू? ते माझं ऐकत नाहीत. मी स्वतः तपासलंय, दोन वेळा. तुला दमा आहे. श्वासाच्या नळ्या आवळतात. तुला आवळल्यासारखं वाटलं की लगेच सांगायचं. मोठ्यानं सांगायचं. गप्प बसलीस तर आम्हाला कळणार कसं?"

मुंगीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत त्यांच्याकडे. दोन्ही उत्तरं जुळतात का ते तपासत असावी. मग तिनं बाही सोडली आणि मास्क स्वतःच नीट बसवला. डॉक्टर बाई गेल्या.

जरा वेळानं मास्कच्या आतूनच ती म्हणाली, "आता आईचं पहिल्यापासून सांगा. ती आजारी नव्हती तेव्हापासून."

ताईनं पदरानं डोळे पुसले आणि भिंतीजवळचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "सांग," ती म्हणाली. "आणि मध्येच घाई करून संपवू नकोस."

मी स्टुलावर बसलो. कुठून सुरू करावं ते सुचेना.

"पडद्यांपासून सांगा," मुंगी म्हणाली. "ते तिनं आणले, तिथून."